आवाज आला पाहिजे

१

दोष यशवंत भामरे यांचा. नंतर फाटे फुटायला नकोत म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणी म्हणेल परदेशातल्या एकटेपणाचा दोष, कुणी म्हणेल थंडीचा, कुणी त्या जुन्या इमारतीतल्या हीटिंगच्या पाइपांवर खापर फोडेल. पाइपांनी कुणाचं काही वाकडं केलं नाही. दोष रुपेशच्या बापाचा, आणि बापाने सांगितलेलं मुकाट्याने करणाऱ्या गुरुदत्तकाकाचा. आईचाही आहे, पण तिचं शेवटी.

यशवंत भामरे नाशिकला एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. दुसऱ्यांनी घडवलेले नट गेजला लावायचे आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं, हे त्यांनी एकतीस वर्षं केलं. घरी आल्यावर गेज खाली ठेवायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सिडकोतल्या घराच्या आतल्या खोलीला त्यांनी रुपेशच्या दहावीच्या वर्षी बाहेरून कडी बसवून घेतली. दुपारी चार ते रात्री आठ पोरगा आत, बाप बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत.

नियम एकच. आवाज आला पाहिजे.

मनातल्या मनात वाचलेलं बापाला चालायचं नाही. मनातल्या मनात पोरगं काय वाटेल ते करू शकतं. त्यामुळे फिजिक्स असो की केमिस्ट्री, सगळं मोठ्याने. काय वाचतोय याच्याशी बापाला देणंघेणं नव्हतं; नळ चालू आहे की बंद, एवढंच ते दाराबाहेरून ऐकत. आवाज थांबला की कडी वाजायची, खड् खड् खड्, तीनदा. पुन्हा थांबला की दार उघडायचं, आणि मग रुपेशचा डावा कान पुढचे दोन दिवस लाल असायचा.

अशी तीन वर्षं गेली. बारावीला त्र्याऐंशी टक्के पडले. बापाने पेढे वाटले आणि ज्याला त्याला सांगितलं, "कोंडलं की होतं."

२

जर्मनीत रुपेश वीस वर्षांचा होऊन आला. श्टुटगार्टजवळच्या एका कॉलेजात इंग्रजीतून मेकॅनिकलचा कोर्स. वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलात, खोली मिळायला वर्ष लागणार होतं. श्टुटगार्टमध्येच राहणारा गुरुदत्तकाका म्हणाला, "आपलं घर असताना पोरगं परक्याकडे कशाला? आल्झो, तर मग, विषय संपला." काकाचे बरेच विषय असे दोन वाक्यांत संपत.

घर त्सुफेनहाउझेनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीतून घरांच्या छपरांपलीकडे स्पोर्ट्स कारच्या कारखान्याचं छप्पर दिसतं. पहिल्याच संध्याकाळी काकाने रुपेशच्या खांद्यावर हात ठेवून तिकडे बोट केलं. "तिथे जायचंय तुला." स्वतः काका अठरा वर्षं पंप बनवणाऱ्या एका बारक्या कंपनीत होता आणि ते छप्पर अठरा वर्षं बाल्कनीतूनच बघत होता. हे रुपेशच्या तेव्हा लक्षात आलं नाही. आलं असतं तरी वीस वर्षांचं पोरगं पहिल्या दिवशी काय बोलणार.

त्याला मिळालेली खोली घरात शिरल्या शिरल्या उजव्या हाताला. एक टेबल, एक खुर्ची, पलंग, अंगणाकडची खिडकी. इथल्या खोल्यांच्या दारांना प्रत्येकी एक किल्ली असते आणि ती आतल्या बाजूला लावलेली असते. काकाने ती काढली आणि बाहेरच्या बाजूने लावली.

"फिरवणार नाही रे," तो म्हणाला. "नुसती असू दे. यशवंतदादांना बरं वाटतं." मग त्याने दारातल्या किल्लीचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. नाशिकहून आईचे जोडलेले हात आले. बापाचा अंगठा आला.

पहिल्या वर्षात रुपेश टेक्निकल मेकॅनिक्समध्ये दोनदा नापास झाला. इथे एका विषयाला तीन संधी मिळतात. तिसऱ्यांदा गेलास की तो कोर्स देशभरात कायमचा बंद. तेव्हा दुसऱ्या वर्षी काकाने वेळापत्रक छापून दाराला चिकटवलं: एक वाजता लेक्चर संपणार, दोन ते सात अभ्यास. घरावर लक्ष ठेवायला काकू होतीच. नीताकाकू आयटीवाली, आठवड्यातले चार दिवस टोकाच्या बेडरूममध्ये हेडफोन लावून होम ऑफिस करायची.

ऑक्टोबरात रुपेशच्या सायकलचं मागचं चाक ट्रामच्या रुळात अडकून वाकडं झालं. कॉलेजच्या वाटेवर फ्राउ ब्रेंडलेचं सायकल-वर्कशॉप होतं. बाई साठीची, हात कोपरापर्यंत काळे. तिने चाक एकदा फिरवून बघितलं, स्पोकची चावी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "स्वतः कर." चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढायला त्याला तीन तास लागले. एक स्पोक आवळायचा, समोरचा सैल करायचा, चाक फिरवायचं, कान लावायचा. तीन तासांनी चाक सरळ फिरलं आणि काहीच आवाज आला नाही.

"नेट श्लेश्त," ब्रेंडले म्हणाली. वाईट नाही. इथला, म्हणजे श्वाबी, माणूस याहून मोठी पदवी देत नाही.

त्या तीन तासांत रुपेश तोंडातून एक अक्षर बोलला नव्हता, आणि कुणी कडी वाजवली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवसापासून त्याने लेक्चरला जाणं सोडलं.

३

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी तो साडेसहाला घरी आला. लायब्ररीत होतो, मोबाइल सायलेंट होता, असं सगळं जिन्यातच घोकून ठेवलं होतं. दार उघडलं तर काकू पॅसेजमध्ये उभी, हेडफोन गळ्यात.

"अगोबाई, तू बाहेर कधी गेलास?"

रुपेशने तोंड उघडलं, पण त्याआधीच ती म्हणाली, "आत्ता पाच मिनिटांपूर्वीपर्यंत तर चालू होता तुझा आवाज."

थाप तयार असलेल्या माणसाला दुसऱ्याची आयती थाप मिळाली की तो ती घेतो. "आत्ताच गेलो," तो म्हणाला. "कचरा टाकायला."

"बायोचा की रेस्टचा?" इथे ओला आणि उरलेला कचरा वेगळ्या डब्यांत टाकतात.

"बायोचा."

"गुणाचं ते." ती वळली. बेडरूमच्या दाराशी जाऊन थांबली. "आणि जरा हळू वाचत जा रे राजा. दोनपासून नुसता चालू आहेस. घसा बसेल तुझा."

रुपेश बूट हातात धरून पॅसेजमध्ये उभा राहिला. जर्मनीत आल्यापासून तो एकदाही मोठ्याने वाचायला बसला नव्हता.

४

त्याने स्वतःची समजूत घातली. डोकं शाबूत असलेला माणूस आधी तेच करतो. काकूच्या कानात दिवसभर बंगळुरूची माणसं बोलत असतात, तिला कुठला आवाज कुठला हे काय कळणार? वरच्या मजल्यावर एक म्हातारा रेडिओ लावतो. इथे भर थंडीतही खिडकी वरून तिरकी उघडी ठेवायची पद्धत आहे, अंगणातलं कुणाचंही बोलणं आत येतं. पाइप तर आहेतच.

शिवाय खरं सांगायचं तर त्याला ते सोयीचं होतं. फुकटात पांघरूण मिळालं तर कोण नाकारतो? तो रोज सहापर्यंत वर्कशॉपात राहू लागला. ब्रेक बसवायला शिकला, चेन मोजायला शिकला, गिऱ्हाइकाला तोंडावर "नाइन", म्हणजे नाही, म्हणायला शिकला, जे नाशिकच्या घरात वीस वर्षांत त्याला एकदा जमलं नव्हतं. घरी आलं की काकूचं एकच, "आज छान चाललं होतं हो." काका जेवताना पाठ थोपटायचा. "गेनाऊ! असंच पाहिजे." बापाचा रोज अंगठा.

पण दुधाचं काय करायचं ते त्याला कळेना.

काकू रोज चारला त्याच्या दाराबाहेर स्टुलावर दुधाचा पेला आणि वाटीत काहीतरी खायला ठेवायची. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून दार वाजवायची नाही. पाचला येऊन रिकामा पेला घेऊन जायची. हे असं चाललंय हे रुपेशला डिसेंबरात कळलं, तेही ती म्हणाली म्हणून, "हल्ली साय काढून ठेवत नाहीस तू. सुधारलास."

रुपेशला साय बघितली तरी ओकारी येते. लहानपणापासून.

त्याने अन्वीला गाठलं. अन्वी काकाची मुलगी, तेरा वर्षांची, गिम्नाझिउममध्ये, म्हणजे इथल्या हायस्कुलात. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच.

"माझं दूध तू पितेस का गं?"

"मी? शी." जर्मनमधली शी आणि मराठीतली शी सारखीच वाटते. "तूच तर घेतोस. दार एवढंसं उघडतोस आणि घेतोस."

"तू बघितलंयस?"

तिने खांदे उडवले. "हात बघितला."

"माझाच होता?"

अन्वीने त्याच्या हातांकडे बघितलं. नखांत ग्रीस होतं, अंगठ्यावर स्पोकने कापल्याची खूण. मग ती म्हणाली, "स्वच्छ होता," आणि आपल्या खोलीत निघून गेली.

५

जानेवारीच्या एका मंगळवारी ब्रेंडलेने चारलाच दुकान बंद केलं. रुपेश घरी आला तेव्हा अंधारायला लागलं होतं. त्याने घराचं दार आवाज न करता उघडलं. टोकाच्या बेडरूममध्ये काकू कुणाला तरी इंग्रजीत डेडलाइन समजावत होती. पॅसेजचा दिवा बंद. उजवीकडे त्याच्या खोलीचं दार, दारात बाहेरून किल्ली, स्टुलावर रिकामा पेला.

दाराच्या आत कुणीतरी वाचत होतं.

"स्ट्रेस इज इक्वल टू फोर्स अपॉन एरिया. स्ट्रेस इज इक्वल टू फोर्स अपॉन एरिया. स्ट्रेन इज..."

रेडिओ नव्हता तो. रेडिओवर जर्मनीत कुणी नाशिकच्या हेलात इंग्रजी घोकत नाही. आवाज त्याचाच होता, पण आत्ताचा नाही. बारावीतला, नुकताच फुटलेला, वाक्याच्या शेवटी वर जाणारा. बाहेर बसलेल्याला ऐकू जावं म्हणून शेवटचा शब्द फेकून म्हणायची सवय. खुर्ची पुढेमागे होत होती, कर्र, कर्र, त्याच तालात.

आणि तेव्हा रुपेशला एक गोष्ट आठवली, जी तो विसरून बसला होता. बारावीच्या फेब्रुवारीत एकदा तो पुस्तकावर डोकं ठेवून झोपला होता. दोन तास, गाढ. जाग आली तेव्हा आठ वाजत आले होते, आणि आता कानाचं काही खरं नाही म्हणून त्याने कानावर हात धरला. पण कडी वाजली नव्हती. दार उघडून बाप आत आला आणि हसला. बाप हसला होता, म्हणून तर ते विसरायला नको होतं. "आज मस्त चालला होता आवाज," बाप म्हणाला होता. "एकदापण थांबला नाहीस."

त्या रात्री तो खूश होऊन झोपला होता. मूर्ख.

पॅसेजमध्ये उभ्या रुपेशने दाराच्या मुठीवर हात ठेवला. मूठ दाबली तसा आवाज वाक्याच्या मधेच तुटला. आत कुणी नव्हतं. खिडकी बंद होती, नीट, कडेपर्यंत. टेबलावर पुस्तक उघडं, समासात पेन्सिलीच्या खुणा. अक्षर त्याचं. त्याने खुर्चीवर हात टेकला.

सीट गरम होती.

हीटर खुर्चीच्या मागेच आहे, तो स्वतःला म्हणाला. हीटर मागेच आहे. मग त्याने हीटरला हात लावला. काकू वीज आणि गॅस वाचवायची. दुपारी हीटर बंद असायचा. लोखंड थंडगार होतं.

६

तिसऱ्या संधीची परीक्षा फेब्रुवारीच्या सहा तारखेला होती. रुपेश गेला नाही. सकाळी नऊला काकूने हातावर दही-साखर दिली, ती खाऊन तो सरळ वर्कशॉपला गेला आणि दिवसभर एका म्हातारीच्या तीन गिअरच्या सायकलीचं हब उघडून बसला. आता सगळं आपोआप संपेल, असा त्याचा हिशेब होता. गैरहजर म्हणजे नापास, नापास म्हणजे कोर्स बंद, मग बापाला काय ओरडायचं ते ओरडू दे.

दुपारी ब्रेंडलेने कॉफी ओतता ओतता विचारलं, सप्टेंबरपासून रीतसर शिकाऊ म्हणून लागशील का? साडेतीन वर्षांचं आउसबिल्डुंग, करारावर सही, वरच्या मजल्यावर खोली. "तुझ्या हाताला कळतं," ती म्हणाली. "डोक्याचं बघू पुढे."

तीन आठवड्यांनी निकाल लागला. रुपेशने पोर्टल उघडलं. टेक्निकल मेकॅनिक्स, १.७. म्हणजे वरच्या फळीतला.

त्याने ग्रुप उघडला. ग्रुपवर काकाने निकालाचा फोटो आधीच टाकला होता. तो काकाला कुणी दिला हे विचारण्यात अर्थ नव्हता. पेढ्यांची चित्रं, फटाके. मग बापाचा फोन. "आज मान वर केलीस रे बापाची," यशवंत भामरे म्हणाले.

इथे रुपेशची खरी परीक्षा झाली, हेही सांगायला हवं, कारण तो काही संत नव्हता. एक पूर्ण रात्र त्याने विचार केला. काय वाईट आहे? खोलीत जे काही आहे ते वाचतंय, पास होतंय, साय खातंय. दोन वर्षांनी डिग्री येईल. बाप खूश, काका खूश. आपण तिकडे सायकली दुरुस्त करू. कुणाला कळणार आहे? फक्त गप्प बसायचं.

गप्प बसायचं म्हटल्यावर तो अंथरुणात उठून बसला. आयुष्यभर आवाज काढ म्हणून कोंडलं, आणि आता गप्प बस म्हणून सुटका. दोन्हीकडे दार त्यांचंच.

सोमवारी तो कॉलेजच्या ऑफिसात गेला, नाव काढण्याचा फॉर्म मागितला, आणि सही केली. खिडकीतल्या बाईने गुण बघितले आणि भुवई वर केली. "एवढे चांगले गुण असताना?"

"ते माझे नाहीत," रुपेश म्हणाला.

तिला वाटलं त्याची जर्मन कच्ची आहे.

७

रविवारी दुपारी एक वाजता, नाशिकला साडेपाच होतात तेव्हा, भामरे कुटुंबाचा व्हिडिओ कॉल असतो. डायनिंग टेबलावर टॅबलेट उभा करायचा, समोर काका-काकू, पडद्यावर आई-बाप. रुपेश मुद्दाम तीच वेळ धरून बाहेरून आला. बूट न काढता. काकूच्या घरात बूट न काढता चालत जाणं म्हणजे युद्धच.

"मी नाव काढलंय," तो म्हणाला. जिन्यात घोकलं नव्हतं, तरी आवाज सरळ निघाला. "कॉलेज सोडलं. सप्टेंबरपासून सायकलच्या वर्कशॉपात शिकणार. बाबा, तुम्हीही ऐका. तुम्ही मला शिकवलं नाही, कोंडलंत. ज्या छपराकडे काका बोट दाखवतात ना, तिथे त्यांना स्वतःला जायचं होतं. आणि तुम्हाला काय हवं होतं ते तुम्हालाही माहीत नाही. तुम्हाला फक्त आवाज हवा होता."

मग काकाने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," तो म्हणाला. रागाने नाही, काळजीने. "हळू बोला. रुपेश अभ्यासाला बसलाय आत."

रुपेशला हसू आलं. हे खानदानी नाटक त्याच्या ओळखीचं होतं. तू आम्हाला मेलास, आमचा मुलगा तो नव्हेच, वगैरे. शमिकाआत्याने परजातीत लग्न केलं तेव्हा याच लोकांनी चार वर्षं तिचं नाव घेतलं नव्हतं. "छान," तो म्हणाला. "करा नाटक. काकू, तू पण का?"

काकू त्याच्या बुटांकडे बघत होती, अनोळखी माणसाच्या बुटांकडे बघतात तसं. बोलायचं तर आहे, पण पाहुण्याला कसं बोलायचं.

"आवाज येतोय का रे, गुरू?" पडद्यातून बापाने विचारलं.

"येतोय की. ऐका ना, दादा." काकाने टॅबलेट उचलला, पॅसेजमध्ये नेला आणि खोलीच्या बंद दारासमोर धरला. रुपेश मागोमाग गेला. दिवसाढवळ्या, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत असताना, दारामागून स्वच्छ ऐकू येत होतं. "मोमेंट इज इक्वल टू फोर्स इनटू डिस्टन्स. मोमेंट इज इक्वल टू..." कर्र, कर्र.

बापाने डोळे मिटून घेतले होते.

आणि आई, वासंती भामरे, जिला पत्ते खेळतानाही लबाडी जमत नाही, हातात राणी आली की जिचा चेहरा सगळ्यांना सांगून टाकतो, ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "चाललाय हो आवाज." मग पडद्याच्या कोपऱ्यात तिला रुपेश दिसला. ती सावरून बसली.

"भाऊजी, हे कोण आलेत?"

"सायकलवाले आहेत, वहिनी," काका म्हणाला. "चुकून आले."

"आई," रुपेश म्हणाला. "ए आई."

तिने नीट बघितलं. त्याच्या लक्षात आलं, ती खरंच प्रयत्न करतेय. "आवाज ओळखीचा वाटतो हो तुमचा," ती म्हणाली, मायेने. "बसा ना. उभे का? चहा घेऊन जा."

८

त्याने दार उघडलं. काकाचा हात मधे आला तो त्याने बाजूला सारला, मूठ दाबली आणि दार भिंतीपर्यंत ढकललं.

या वेळी आवाज थांबला नाही.

खिडकीतून राखाडी उजेड येत होता. टेबलाशी पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. रुपेशला फार थोडं दिसलं आणि तेवढंच पुरे झालं. मानेवरचे केस, सिडकोतल्या न्हाव्याने मशीन फिरवून कापलेले. ज्युनिअर कॉलेजच्या गणवेशाचा आकाशी शर्ट, खांद्यात सैल. ओळीवरून सरकणारं बोट. डावा कान लालभडक.

केवढंसं होतं ते. आपण इतके बारीक होतो, हे रुपेशला कधी जाणवलं नव्हतं.

त्याची भीती गेली आणि संताप उरला, आणि तो त्या पाठमोऱ्यावर नव्हता. "ऊठ," तो म्हणाला. "दार उघडं आहे. चल."

वाचन थांबलं. एका श्वासापुरतं. बोट ओळीवर थांबलं, मान जरा वळली, एवढीशी, कानापासून गालाची कड दिसेल इतकीच.

पॅसेजमध्ये टॅबलेटमधून बाप खाकरला.

मान झटकन सरळ झाली. "मोमेंट इज इक्वल टू फोर्स इनटू डिस्टन्स," ते म्हणालं, आधीपेक्षा मोठ्याने, शेवटचा शब्द बाहेर फेकून.

रुपेशने पुन्हा हाक मारली नाही. आत जाऊन खांद्याला धरायला हवं होतं का, हा प्रश्न त्याला अजून पडतो. त्याने तसं केलं नाही. दारातली किल्ली उपसून खिशात घातली आणि मागे वळला.

अन्वी आपल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. नाताळपासून तिच्याही दाराची किल्ली बाहेरच्या बाजूला आली होती. लॅटिनमध्ये चार मिळाले म्हणून; इथे आकडा जितका मोठा तितके गुण वाईट. रुपेशने तीही काढली आणि तिच्या हातात ठेवली.

ती त्याच्याशी पहिल्यांदा मराठीत बोलली. शब्द शोधत, अडखळत. "दादा, मी मोठ्याने वाचू नको?"

"एक अक्षर नको," रुपेश म्हणाला. "ते रागावले तरी नको."

जिन्यात पोचल्यावर त्याला मागे काकूच्या सपाता ऐकू आल्या, आणि मग खोलीचं दार हळूच, अभ्यासात व्यत्यय येणार नाही इतकं हळूच, लावल्याचा आवाज.

९

त्याला आता दीड वर्ष झालं. रुपेश ब्रेंडलेच्या वर्कशॉपवरच्या खोलीत राहतो. राहण्याचा परवाना बदलून घ्यायला सरकारी ऑफिसात सात खेटे घालावे लागले. सातही वेळा तो स्वतःच गेला आणि स्वतःच भांडला. जर्मन फाडफाड बोलतो, जरा श्वाबी हेल आला आहे. वरण-भात बरा करतो. चाकाचा आऊट वीस मिनिटांत काढतो. दाराची किल्ली आतल्या बाजूला असते, आणि तो सगळं मनातल्या मनात वाचतो.

अन्वी कधीमधी पंक्चर काढायला येते. पंक्चर नसतंच. ती सांगते, नाव काढलेलं असूनही तिकडे सहावं सेमिस्टर चालू आहे, गेल्या वेळी १.३ मिळाले, काका स्पोर्ट्स कारच्या कारखान्यात रुपेशच्या नावाने अर्ज टाकणार म्हणतो. तिने आपली किल्ली कुणाला परत दिलेली नाही.

पहिले काही महिने रुपेश दर रविवारी नाशिकला फोन करायचा. आई प्रत्येक वेळी उचलायची, प्रत्येक वेळी प्रेमाने विचारायची, तुम्ही रुपेशचे मित्र ना, जेवलात का. मग म्हणायची, तो आत्ता अभ्यासात आहे हो, नंतर करा. आता तो फोन करत नाही.

वासंती भामरे नाशिकला असतात. तब्येत ठणठणीत आहे. त्यांना मुलगा आहे. रुपेशला आई नाही.